मशीनचं तोंड

हिवराळीच्या पाणीवापर संस्थेत दिवसातून शंभरदा एक शब्द कानावर पडायचा, तो म्हणजे पाळी. कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना शेजपाळीनं मिळायचं. चारीच्या, म्हणजे शेतांपर्यंत येणाऱ्या पाटाच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेजाऱ्यानंतर शेजारी, ज्याची पाळी आली त्यानं आपलं दार उघडायचं. सकाळी ऑफिसच्या ओट्यावर गडी जमायचे आणि चारचौघांत विचारायचे, "बाई, माझी पाळी कवा?", "बाई, आवंदा माझी पाळी चुकवली काहून?" शिवकन्या मशीनवर यादी पाहून सांगायची, "तुमची बुधवारी, दुपारी दोनला. दोन म्हंजी दोन, चारला येऊन भांडू नका."

कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. तोच शब्द बाईच्या बाबतीत आला की मात्र माणसं खाली पाहायची, आवाज बारीक करायची, "बाजूला बसलीय" म्हणायची. शब्द एकच, पण एक ओट्यावरचा आणि एक ओट्याखालचा. शिवकन्येला बेचाळीस वर्षांत याचं नवल वाटलं नव्हतं. दोन हजार सहा साली वाटलं.

शिवकन्या त्याच गावची सून. दहावी झालेली, दोन एकर हळद आणि एक लेक पदरात. संस्थेत कॉम्प्युटर आले तेव्हा तिनं वसमतला एसटीनं जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केला आणि ती ऑपरेटर म्हणून लागली. ऑफिसात मशीनं तीन होती. एक खिडकीपाशी तिच्याकडे, प्रिंटरसकट. एक सचिव उत्तमरावांच्या टेबलावर. आणि आतल्या खोलीत एक काळं, उभं, मोठं मशीन, सर्व्हर. साऱ्या गावाच्या पाण्याच्या याद्या त्या मोठ्या मशीनच्या पोटात, आणि बाकीची दोन मशीनं वायरीतून त्याच्याकडे मागून घ्यायची. मोठ्या मशीननं तोंड मिटलं की सगळं ऑफिस मुकं.

हे मोठं मशीन बसवताना एक गंमत झाली होती. खोलीतलं टेबल अरुंद, वायरी आखूड. बसवणाऱ्यानं कंटाळून मशीन उलटं ठेवलं, तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे. सुरू करायचं तर शिवकन्या मागून हात घालून बटण चाचपायची. उत्तमराव त्या खोलीत फारसे जात नसत. वीस वर्षं त्यांनी शेजपाळीच्या याद्या हातानं लिहिल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं, आणि वीस वर्षांत एक पाळी चुकली नाही. मशीन आल्यावर त्यांची दौत कपाटात गेली. माणूस वाईट नव्हता. पण कुणाचं अक्षर काढून घेतलं की ते दुखणं कुठून तरी बाहेर निघतंच.

त्या वर्षी खंडेनवमी आली. संस्थेत त्या दिवशी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची कालव्याची दारं उघडायची लोखंडी चावी, फावडी, कुदळी, टेप, सगळ्यांची पूजा व्हायची. त्याच दिवशी वसमतच्या क्लासमध्ये मुनीर सर जोडणी-दुरुस्तीचं प्रात्यक्षिक घेणार होते. नोकरीवाल्यांना सुट्टीच्या दिवशीच जमतं म्हणून त्यांनी मुद्दाम तो दिवस धरलेला. शिवकन्येनं आधी दोनदा क्लाससाठी रजा मागून पाहिली होती. "आता आनखी शिकून काय करता?" असं म्हणून उत्तमरावांनी दोन्हीदा अर्ज परत दिला होता. तिसऱ्यांदा तिनं अर्ज लिहिलाच नाही. बायकांचं एक कारण असं आहे की ते ऐकल्यावर कुणी पुरुष दुसरा प्रश्न विचारत नाही. तिनं आदल्या दिवशी मान खाली घालून सांगितलं, "भाऊ, उद्या मला जमायचं न्हाई. बाजूला हाय."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," उत्तमराव घाईनं म्हणाले. "चार दिवस येऊ बी नका."

ती सकाळच्या गाडीनं वसमतला गेली आणि दिवसभर मशीनं उघडून बसली.

दसरा उलटल्यावर ती कामावर आली तर मोठ्या मशीनच्या पाठीवर झेंडूची सुकलेली माळ होती. वायरी पुसून पुन्हा जोडलेल्या होत्या. तिनं माळ काढली, मशीन सुरू केलं, सगळं ठीक चाललं. आठवड्यानं पहिल्यांदा बंद पडलं. मशीन चालू, पंखा फिरतोय, पण बाकीच्या दोन्ही मशीनवर तांबडी फुली. वायर जोडलेली नाही, असं मशीन म्हणत होतं, आणि वायर तर जोडलेली होती.

लाईट बारा-बारा तास जाण्याचे ते दिवस. आधी सगळ्यांनी इन्व्हर्टरला नावं ठेवली. मग उंदराला. शिवकन्येनं वायर बदलली. दुसरी वायर बदलली. ज्या चपट्या डबीत तिन्ही मशीनच्या वायरी एकत्र येतात, तिथं घर बदलून पाहिलं. तीच वायर तिच्या मशीनला लावली की हिरवा दिवा लागायचा, मोठ्या मशीनला लावली की कधी लागायचा, कधी नाही. पहाटे धुकं पडलेलं असलं की हमखास नाही. तिनं यादीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि वेळ लिहायला सुरुवात केली.

"भाऊ, मशीनच्या अंगातलं भोक खराब झालंय," तिनं उत्तमरावांना सांगितलं. "वायर खुपसायचं. पोर्ट म्हंत्यात त्याला. त्याच्याऐवजी येगळं कार्ड बसवावं लागंल."

"मागल्या वर्सीचं मशीन अन् भोक खराब?" उत्तमराव म्हणाले. "तुमी आल्यावरच काहून खराब होतं ते?"

तिला वाटलं तो टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटी एकदा ती उत्तमरावांच्या टेबलामागच्या कॅलेंडरवर पाण्याचं रोटेशन बघत होती. रोटेशन निळ्या शाईत. पण काही तारखांना बारीक तांबडे ठिपके होते. खंडेनवमीला एक. मग एकोणतीस ऑक्टोबर. मग सव्वीस नोव्हेंबर. तिनं बोटांवर मोजलं. अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीस.

कानशिलं तापली. त्या माणसानं आपल्या सुंदर, वळणदार हातानं तिची शेजपाळी लावली होती.

"हे काय हाय भाऊ?"

उत्तमराव खाली पाहत म्हणाले, "म्या कुनाला बोललो न्हाई. पन बघा बराबर. खंडेनवमीला तुमी बाजूला होतात. तिथून मोजलं की मशीन बंद पडायचे दिवस अन् तुमचे दिवस एकच. आतल्या खोलीत दत्ताचा फोटो हाय. मशीन पूजलेलं हाय. ते बाटतंय, बाई."

पुढच्या दोन दिवसांत हे सगळ्या गावाला ठाऊक झालं. कुणाला न बोललेली गोष्ट गावात नेहमीच अशी वेगानं जाते. अध्यक्ष किसनराव, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, म्हणाले, "परीक्षा करून पाहू." तिला चार दिवस आतल्या खोलीत पाय ठेवायचा नाही असं सांगितलं. मशीन उचलून फोटोखालच्या नव्या टेबलावर ठेवलं, गोमूत्र शिंपडलं, तेही नशीब की दुरून. आणि चार दिवस मशीन एकदाही बंद पडलं नाही.

मग काय विचारता. ओट्यावरची माणसं तिला पाळी विचारताना खाली पाहायला लागली. लेक शाळेतून आली ती दप्तर फेकून म्हणाली, "आई, पोरी मला तारीख इचारून राहिल्या." किसनरावांनी ठराव लिहून घेतला: महिला कर्मचाऱ्यानं महिन्याचे चार दिवस आतल्या खोलीत जाऊ नये, त्या दिवसांची सूचना सचिवांना आगाऊ द्यावी. सोमवारी संचालकांच्या बैठकीत तिनं सही करायची. नाही केली तर काम सोडायचं.

रविवारी ती वसमतला मुनीर सरांकडे गेली. सरांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. भोकाचं, वायरीचं, पहाटेच्या धुक्याचं. ठिपक्यांचंही तिनं सांगितलं, कारण तिथवर येऊन ते लपवण्यात अर्थ नव्हता. सर ऐकताना कपातल्या चहाकडे पाहत होते.

"बाई, मैंने क्या सिखाया था?" ते म्हणाले. "एक वक्त में एकच चीज बदलायची. यांनी दोन बदलल्या. तुमाला बाहेर काढलं अन् मशीन बी हलवलं. मग फरक कशानं पडला, ते कसं समजणार?"

शिवकन्येनं कप खाली ठेवला. नवं टेबल डाव्या हाताला होतं. वायर आखूड. म्हणजे आता वायर त्या भोकात तिरपी ओढली जात असणार.

सरांनी खणातून एक जुनं कार्ड काढून दिलं. "अंगचं गेलं तर बाहेरचं लावायचं. पण आधी अंगचं बंद करा, नाहीतर दोघांचा पत्ता एकच होतो, मशीन भांडतं. आणि बॅटरी घेऊन त्या पोर्टमधे बघा. मशीन को गाली मत दो, पूछो."

सोमवारी अकराला सात संचालक खुर्च्यांवर बसले. ओट्यावर सखुबाई बसली होती. चारीच्या अगदी शेवटी तिचं शेत, पाणी नेहमी तिच्यापाशी येईतो संपायचं, म्हणून ती वर्षभर यादी छापून हातात पडेपर्यंत हलत नसे. साठी उलटलेली, तंबाखूची डबी कनवटीला.

किसनरावांनी कागद पुढे सरकवला. "शिवकन्ये, पोरी, सही कर. तुझ्यावर कुनाचा राग न्हाई."

"माझा हाय," ती म्हणाली. "पन तो मंग. आप्पा, तुमी परीक्षा केली. मला बी एक करू द्या. इथंच, तुमच्यासमोर. मंग सही."

किसनरावांनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमरावांनी कॅलेंडरकडे. "आज चालंल," ते म्हणाले. "आजचा दिवस चांगला हाय."

"बघा, मलाच ठाऊक नव्हतं," शिवकन्या म्हणाली.

सगळे उठून आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले. सखुबाईही मागे येऊन टाचा उंचावून बघू लागली. मोठं मशीन फोटोखाली, पाठ दाराकडे. हिरवा दिवा लागलेला. वायर डावीकडे ताणलेली. शिवकन्येनं दोन बोटांनी वायर धरली आणि सरळ केली. दिवा विझला. डावीकडे ढकलली, लागला. सरळ केली, विझला.

"तिनं हात लावला ना," मागून एक संचालक म्हणाला.

"बराबर," शिवकन्या म्हणाली. "उत्तमराव भाऊ, तुमी या. वायर धरा. सरळ करा."

उत्तमराव पुढे झाले. चप्पल काढली, आधी फोटोला हात जोडले, मग वायर सरळ केली. दिवा विझला.

शिवकन्येनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आता तुमी बी बाजूला बसलात का भाऊ?"

पहिली सखुबाई हसली. तिचं हसणं तंबाखूच्या ठसक्यात गेलं आणि मग दोन-तीन संचालकांनाही आवरलं नाही. उत्तमरावांनी वायर अशी सोडली की जणू चटका बसला.

"म्हंजी भोकच खराब," किसनराव म्हणाले. "पन खराब झालं काहून? नवं मशीन."

शिवकन्येनं मशीन बंद केलं, वायर काढली, बॅटरीचा उजेड भोकात टाकला. आत आठ बारीक पिवळ्या तारा ओळीनं असायला हव्यात. चारच नीट दिसत होत्या. बाकीच्यांवर तांबडं काही वाळून बसलं होतं, आणि कडेनं हिरवट बुरशीसारखं चढलं होतं. तिनं केसातली पिन काढली, बंद केलेल्या मशीनमध्ये अगदी हलक्या हातानं घातली आणि जे निघालं ते ठरावाच्या कागदावर टेकवलं. कुंकवाची खपली. तिच्यात अर्धा तांदूळ, पिवळा.

मग उत्तमराव हळू म्हणाले, "खंडेनवमीला म्याच वायरी काढून ओल्या फडक्यानं पुसलं. गंध लावलं. अक्षता टाकल्या. मशीनच्या तोंडाला."

"कोनतं तोंड?"

"हे काय. एवढी भोकं हायत. डोळे, नाक..." त्यांनी मशीनच्या पाठीकडे बोट केलं. "हे मधलं, चौकोनी, दिवा असलेलं. तिथं कुंकवाचं बोट लावलं."

"भाऊ, हे तोंड न्हाई. ही पाठ हाय. तोंड भिताडाकडं हाय." शिवकन्येला क्षणभर त्यांची कीव आली, पण तिनं ती बाजूला सारली. "आता तुमच्या ठिपक्यांचं बोलू." तिनं वही उघडून शेवटचं पान पुढे धरलं. "मशीन अकरा येळा बंद पडलं. त्यातल्या दोनच दिवसांवर तुमचा ठिपका हाय. बाकीचे नऊ दिवस मशीन कुनी बाटवलं? अन् तुमचे तीन ठिपके बी माझे न्हाईत. पहिला ठिपकाच खोटा हाय. खंडेनवमीला मी बाजूला नव्हते."

आता मात्र सगळेच खाली पाहू लागले, फक्त ती नाही.

"मी वसमतला क्लासला गेले होते. मशीन दुरुस्त करायला शिकायला. रजा दोनदा मागितली, दोनदा न्हाई म्हनलं. मंग खोटं सांगितलं."

किसनरावांचा चेहरा कडक झाला. "म्हंजी तू संस्थेशी खोटं बोललीस."

"व्हय आप्पा. त्याची काय शिक्षा असंल ती लिवा, मी सही करते. पन खरं बोलून रजा काहून मिळत न्हाई, ते बी त्याच कागदावर लिवा. अन् माझे दिवस मोजायचा अधिकार कुनी कुनाला दिला, ते बी."

दारातून सखुबाई म्हणाली, "पाळी चुकली म्हनून बोंबलनारे बी तुमीच, अन् पाळी आली म्हनून बी तुमीच. एकदा काय ते ठरवा बाबांनो. माझं पानी कवा येनार ते सांगा."

किसनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मशीन सुरू कर पोरी, मंग बोलू."

शिवकन्येनं मशीन आडवं केलं, झाकण काढलं आणि सरांनी दिलेलं कार्ड आतल्या पट्टीत दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवलं. झाकण लावलं, मशीन सुरू केलं आणि पडद्यासमोर बसत म्हणाली, "आता आधी बोर्डावरचं बंद करते."

"बोर्ड काहून बंद करतीस?" किसनराव दचकून म्हणाले. संस्थेत बोर्ड म्हणजे संचालक मंडळ, दुसरा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. "बोर्डानं काय केलं?"

"मशीनच्या आतल्या बोर्डावरचं, आप्पा. तुमचं न्हाई."

"त्यांचं बी करून पाह्य बाई एकदा," सखुबाई म्हणाली. "पानी लवकर येईल."

कार्डाला जुनाच पत्ता दिला. वायर कार्डात लावली, सरळ, न ताणता. हिरवा दिवा लागला. उत्तमरावांनी न सांगता आपल्या टेबलावर जाऊन पाहिलं आणि तिथूनच म्हणाले, "आली. यादी आली." त्या आवाजात अपमानही होता आणि थोडा सुटकाराही, आणि ते ओळखण्याइतकी शिवकन्या त्यांच्यासोबत राबली होती.

प्रिंटरला कागद हवा होता. तिनं टेबलावरचा ठराव उचलला, कुंकवाची खपली झटकली, कागद उलटा करून प्रिंटरमध्ये सरकवला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर चारीच्या शेवटच्या शेतांची यादी छापली. किसनराव बघत होते. सखुबाईनं कागद घडी करून कनवटीला, तंबाखूच्या डबीशेजारी खोचला. तो ठराव पुन्हा कुणी लिहिला नाही.

खोटं बोलल्याबद्दल तिला लेखी समज मिळाली, उत्तमरावांच्या मोत्यासारख्या अक्षरात. ते पत्र तिनं क्लासच्या सर्टिफिकेटसोबत लोखंडी पेटीत ठेवलं. कॅलेंडर त्याच आठवड्यात भिंतीवरून उतरलं. पण ओट्यावरची माणसं पुढचे कितीतरी दिवस तिला "पानी कवा?" असं विचारायची. पाळी म्हणायला धजायची नाहीत. ती मुद्दाम मोठ्यानं उत्तर द्यायची, "तुमची पाळी शुक्रवारी."

पुढल्या खंडेनवमीला उत्तमराव हळद-कुंकवाचं ताट घेऊन आतल्या खोलीशी आले. मशीन आता सरळ ठेवलेलं होतं, तोंड दाराकडे. मागच्या निकामी भोकावर शिवकन्येनं जखमेवर लावायची पट्टी चिकटवून त्यावर पेननं 'बंद' लिहिलं होतं. ती स्वतः खुर्चीवर बसून हरभऱ्याच्या पाण्याचे अर्ज भरत होती. उत्तमराव उंबऱ्यापाशी थांबले. विचारावं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"इचारू नका भाऊ, मीच सांगते," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आज खरंच हाय. कालपासून."

ताटातला दिवा जरा हलला. मशीनचा हिरवा हलला नाही. उत्तमरावांनी मशीनच्या मागे वाकून तो पाहिला, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ताट टेबलाच्या कडेला ठेवलं. शिवकन्येनं हात पुसला, कोरडं कुंकू चिमटीत घेतलं आणि मशीनच्या माथ्यावर, जिथं एकही भोक नव्हतं तिथं, एक ठिपका लावला.

"अक्षता?" उत्तमरावांनी विचारलं.

"त्या खिचडीत घाला," ती म्हणाली, आणि पुढचा अर्ज उचलला.